वैनगंगेच्या रेतीवरचा केक

केक म्हणजे बिस्किटाचा मोठा भाऊ, अशी आमच्या पवनीत तेव्हा समजूत होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याहून कोणी केक आणलाच, तर घरातली माणसं तो दुधात कुस्करून खायची. अशा गावात मी केक करायचे. त्यावरून माझी जी थट्टा व्हायची, ती मला अजून पाठ आहे. पण माझे वडील कामठीच्या छावणीजवळ एका बेकरीत भट्टी सांभाळायचे, आणि पोळी लाटण्याआधी मी अंडी फेटायला शिकले होते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत तीन गोल साचे होते, एकापेक्षा एक लहान. सासूला ती धान्य मोजायची मापं वाटली. पहिल्याच दिवशी तिनं मोठ्या साच्यानं तांदूळ मोजून घेतले. नव्या नवरीला तोंड उघडायला वेळ असतो. पुढे उघडलं ते उघडलंच.

आमच्या घरी भट्टी कुठली असायला! जर्मनचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, घ्यायचा, त्यात बोटभर रेती पसरायची, रेती तापली की तिच्यावर साचा ठेवायचा आणि झाकणावर निखारे रचायचे. रेती वैनगंगेची. आणि वैनगंगेचं नाव निघालं की आधी माझ्या नवऱ्याचं सांगावं लागतं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

श्रावणात नदी भरून वाहत असताना तो कामासाठी पलीकडे गेला, आणि परतताना डोंगा उलटला. बाकीचे कसेबसे काठाला लागले. डोंगा पुष्कळ खाली एका झाडाच्या मुळांत अडकलेला सापडला. तो सापडला नाही. ढिवरांनी जाळी टाकून पाहिली, खालच्या गावांना निरोप गेले, पण काही हाती लागलं नाही.

प्रेत नाही म्हणजे मरण नाही. आमच्याकडचा शिरस्ता असा, की हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर बायको सवाष्णच. सांगायला हे फार सोपं आहे. हळदीकुंकवाला अर्ध्या बायका मला कुंकू लावायच्या, आणि अर्ध्यांना नेमकी माझ्यापाशी आल्यावर तहान लागायची. लग्नघरी पापड लाटायला, हळद दळायला मला कोणी बोलवेना. मी धड इकडची नव्हते, धड तिकडची नव्हते.

सासूला मात्र शंका नव्हती. ‘येईन तो,’ एवढंच ती म्हणायची, आणि ते असं म्हणायची की जणू तो बाजारात गेलाय. रोज सकाळी ती आधी माझं कपाळ पाहायची. कुंकू फिकं दिसलं की स्वतःच्या बोटानं लावायची. तिचं बोट थंड असायचं, उन्हाळ्यातसुद्धा.

मला वाटायचं, तो मेला. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. पण नवी रेती आणून चाळायला बसले की माझी बोटं आपोआप काहीतरी शोधत राहायची. शर्टाची गुंडी, गळ्यातला ताईत, काहीही. शिंपले निघायचे, माशांचे काटे निघायचे. एकदा एक दात निघाला. बकरीचा हाय, असं सासू न पाहताच म्हणाली. मी तो फेकला नाही. पदरात बांधून घाटावर नेला आणि पाण्यात सोडला. ज्या नदीनं माझा संसार नेला, तिच्याच रेतीवर भाजलेले केक मी लोकांच्या लेकरांच्या वाढदिवसाला देत होते. रेती तापली की तिला ओला वास यायचा. मला त्या वासाची भीती वाटायची. पण दुसरी रेती आणायची कुठून?

अशात एका माघात दिघोरीहून निरोप आला. तिथल्या शाळेतल्या गुरुजींच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बौद्ध घर, शिकलेली माणसं. नवरा मुलगा नागपुरात नोकरीला होता आणि त्यानं तिथं कोणाच्या तरी लग्नात केक कापताना पाहिला होता. आपल्याही लग्नात तसाच हवा, असा त्याचा हट्ट. गुरुजींनी कळवलं होतं, एकदा बोलणी करायला येऊन जा, नमुनाही आणा.

लग्नाचा केक मी वडिलांना करताना पाहिला होता, स्वतः कधी केला नव्हता. पण ते काम मला हवंच होतं. मी त्यासाठी कासावीस झाले होते म्हणा ना. लग्नाची हळद कोणी दळायची, अक्षता कोणी निवडायच्या, या सगळ्याला नियम होते. केकला नियमच नव्हता. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीला केकचा विधिनिषेध ठाऊक नव्हता. लग्नाच्या मांडवात शिरायला मला तेवढं एकच दार उघडं होतं, आणि ते बंद व्हायच्या आत मला पाऊल आत टाकायचं होतं.

मी कसून तयारीला लागले. साखर जात्यावर दळली, मलमलच्या फडक्यातून गाळली, त्या पिठीची लहान लहान फुलं करून सुपात सावलीत वाळवली. नमुन्याचा लहान केक भाजला. काय काय विचारायचं ते मनाशी घोकलं. अंडं चालतं का? पाहुण्यांत माळकरी कोणी आहेत का? लग्न लागणार कधी? कारण वैशाखातल्या दुपारी केकवर थापलेली डालड्याची साय अशी वितळते की नवरानवरीच्या आधी केकच मान टाकतो. तीन मजले डोंग्यातून न्यायचे कसे? त्याचं उत्तर मी शोधलं होतं. वेगवेगळे न्यायचे आणि तिथं जाऊन एकावर एक चढवायचे.

सगळ्याची तयारी झाली. एकाच प्रश्नाची होत नव्हती. नवीन ठिकाणी गेलं की लोक पाणी देतात आणि लगेच विचारतात, घरचे काय करतात? त्याला मी काय सांगणार होते? आहेत म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो. नाहीत म्हटलं तर कपाळावरचं कुंकू कशाचं? आणि हो, नाहीत म्हटलं तर लग्नाचा केक माझ्या हातचा घेतील का? नियम नसला म्हणून काय झालं, तो करायला लोकांना कितीसा वेळ लागतो.

शेवटी मी सासूलाच विचारलं.

‘सांग, गावाले गेला,’ ती म्हणाली.

‘कोणत्या गावाले?’

‘तुले कायले त्याची पंचाईत? विचारीन त्याले पडू दे.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘त्यायच्या घरी चहा घेशीन का वं तू?’

‘घेईन तर. माझा केक ते खातीन, अन् त्यायचा चहा मी काहून नाही घेणार?’

यावर ती उठून चुलीकडे गेली. तिला गप्प बसवणं ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून मला ते लक्षात आहे. सकाळी निघताना तिनं रोजच्यापेक्षा ठसठशीत कुंकू लावलं.

त्या श्रावणानंतर मी नदी ओलांडली नव्हती. सकाळचं धुकं इतकं होतं की घाटावरून पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. डोंगा चालवणारा नवा होता, मला ओळखत नव्हता. मी केकचा डबा मांडीवर घेऊन बसले तरी तो बांबू हातात धरून तसाच उभा राहिला.

‘चला ना,’ मी म्हटलं.

‘थांबा ना बाई. तुमचा माणूस येऊन राहिला ना.’

मी घाटाकडे पाहिलं. धुकं आणि ओल्या पायऱ्या, दुसरं काही नव्हतं.

‘कोणी नाही. मी एकटीच हाय.’

‘असं काय,’ तो म्हणाला आणि त्यानं बांबू रोवला. आश्चर्य नाही, माफी नाही. मी स्वतःला समजावलं की धुक्यात माणसाला खांबसुद्धा माणूस दिसतो. पण डोंगा मधोमध आला तेव्हा माझ्या मागच्या बाजूला तो जरा जास्तच दबून चालला होता. डोंगेवाला पुढे उभा होता, आणि मागे कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत मान वळवली नाही.

पुढे एसटी, मग पायी. धान कापून नेलेल्या बांध्या, मोकळा सरळ रस्ता, वर ऊन आलेलं. उन्हात मला धीर आला. गुरुजींचं घर गावाच्या कडेला होतं, समोर मोहाचं झाड, ओसरीवजा सपरी शेणानं सारवलेली. गुरुजींनी हात जोडून आत बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात पुस्तकं. मी दाराकडे पाठ करून बसले, कारण डबा ठेवायला स्टूल तिथंच होतं.

तेवढ्यात आतल्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. विशी-बाविशीची, नखशिखांत पांढऱ्या लुगड्यात. वाटलं, या घरातही कोणाला तरी नेलं आहे, एवढ्या लहान वयात. तिच्याकडे पाहून माझे डोळे भरून आले. मी गुरुजींच्या बायकोला हळूच विचारलं, ‘नवरी कुठं आहे?’

मुलगीच हसली. ‘मीच नवरी. लग्नाचं लुगडं नेसून पाहून राहिली होती. केक या रंगाचा पाहिजे ना, म्हणून दाखवाले आली.’

त्यांच्यात लग्नाला पांढरंच नेसतात हे मी ऐकून होते. ऐकणं वेगळं आणि दारात उभं असलेलं पाहणं वेगळं. ज्या रंगाला मी इतकी वर्षं घाबरत होते, तो अंगावर घेऊन ती पोर मजेत उभी होती. मला तिचा हेवा वाटला, अगदी खरा.

गुरुजींनी डबा पाहून मान डोलावली आणि मग सहज म्हणाले, ‘तुमचे मिस्टर बाहेरच काहून थांबले? बोलवा ना त्यायले आत.’

मी म्हटलं, ‘मी एकटीच आले, गुरुजी.’

ते हसले. गुरुजी म्हणजे भूतखेत आणि अंगात येणं यांच्यामागे हात धुऊन लागलेला माणूस. सगळ्या पंचक्रोशीत त्यांची तशी ख्याती होती. त्यांना वाटलं, मी लाजते आहे. ‘अहो, आमच्या घरी यायले संकोच वाटत असन तर राहू द्या, आग्रह नाही,’ असं काहीसं ते म्हणाले. ते त्यांना लागलं होतं हे त्यांच्या आवाजात कळलं. मी घाईघाईनं नाही नाही म्हटलं, पण तोवर त्यांची बायको कपबशी घेऊन बाहेर गेलीसुद्धा.

मी मागे वळले नाही. एवढंच आठवतं, की त्या वेळी मान वळवणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम मला वाटत होतं. मी केकबद्दल बोलत राहिले. अंडं चालेल म्हणाले. लग्न संध्याकाळी ठेवा म्हटलं, तेही मान्य. मुलीनं साखरेची फुलं तळहातावर घेतली, एक हळूच जिभेला लावलं. तो केक पुढे झाला. तीन मजली, पांढराशुभ्र, आणि एका अंगाला इतका कललेला की फोटोत नवरदेव त्याला हात देऊन उभा आहे. पण त्या क्षणी माझ्या पाठीवर कोणीतरी पाहत असल्यासारखं ऊन लागत होतं.

गुरुजींची बायको परत आली. ‘उन्हात उभे हायेत. सावलीत बसा म्हणलं तर बोललेच नाही. चहा मात्र घेतला.’

तिनं कपबशी माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवली. कप रिकामा होता आणि बशीवर पालथा घातलेला होता. माझा नवरा चहा झाला की कप असाच पालथा घालायचा. माशी बसू नये म्हणून. मी त्यावरून त्याच्याशी भांडायचे, कारण बशीत राहिलेला थेंब सगळीकडे सांडायचा. मी त्या बशीकडे पाहत राहिले. थेंब सांडला होता.

‘काय करतात ते?’ गुरुजींनी विचारलं.

हाच तो प्रश्न. गावाला गेलेत असं सांगायचं ठरलं होतं. तो बाहेर उभा असताना गावाला गेलेत कसं सांगणार? आणि आहेत, बाहेर आहेत, असं म्हणायला माझी जीभ वळेना. मला एकदम सगळ्याचा इतका कंटाळा आला. रेती चाळायचा, घाटाकडे पाहायचा, कोणती बाई कुंकू लावेल आणि कोणती पाणी प्यायला उठेल ते ओळखायचा. मी म्हटलं, ‘ते वारले. नदीत बुडून वारले. चौथं वर्ष लागलं.’

हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आलं. मोठ्यानं आलं.

गुरुजी उठून बाहेर गेले. त्यांच्या चपलांचा आवाज अंगणात, मग झाडाखाली, मग रस्त्यावर गेला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. रस्ता सरळ होता, दूरवर दिसत होता. ‘कोणी वाटसरू असन,’ ते म्हणाले आणि स्वतःच माठातून पाणी घेऊन प्यायले.

त्यांची बायको माझ्या कपाळाकडे पाहत होती. ‘मग हे कुंकू?’

‘सासू लावते,’ मी म्हटलं. ‘तिचा मुलगा जिवंत आहे अजून.’

मी डबा उचलायला हात घातला. काम गेलं, असंच मी धरून चालले होते.

‘आपण ते सारं सोडलं ना, बाबा?’ मुलगी म्हणाली.

‘सोडलं,’ गुरुजी म्हणाले.

‘मग केक ह्याच करतीन,’ ती म्हणाली आणि तळहातावरची उरलेली फुलं तिनं तोंडात टाकली. त्या पांढऱ्या लुगड्यातल्या मुलीला मी जन्मभर विसरणार नाही.

परतीच्या वाटेवर मला आनंद व्हायला हवा होता. काम मिळालं होतं. पण घाटावर आले, डोंग्यात बसले, आणि सकाळचाच माणूस कोणाचीही वाट न पाहता बांबू रोवून निघाला. घाटाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. डोंगा सरळ चालला होता, हलका. तेव्हा मला रडू कोसळलं. सकाळभर मी ज्याला घाबरले, तो आता मागे नाही याचं मला रडू आलं. माणसाचं मन काय असतं, काय सांगावं.

दिवस कलता घरी पोचले. सासू दारात उभी होती. तिनं पायांवर घ्यायला पाण्याचे दोन लोटे भरून ठेवले होते. मी एका लोट्यानं पाय धुतले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे पाहत होती.

‘तो कुठं राहिला?’

मी लोटा खाली ठेवला. ‘कोण?’

‘म्याच त्याले म्हणलं होतं सकाळी. एकटीले जाऊ नोको देऊ, नदी ओलांडून जाते ते. गेला होता ना तुझ्यासंगं?’

खोटं बोलायला मला एक शब्द पुरला असता. येतोय म्हटलं असतं तर ती दुसरा लोटा घेऊन तशीच उभी राहिली असती, त्या रात्री आणि पुढची आठ वर्षं. ते मला बघवलं नसतं.

‘गेला होता,’ मी म्हटलं. ‘बाहेर उभा होता. चहाही घेतला त्यानं. पण मी त्या लोकायले सांगितलं, माय. तो मेला म्हणून सांगितलं.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती मारेल. मारलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण ती हळूहळू खाली बसली, उंबरठ्यावरच, भिंतीला हात लावत लावत. पदर तोंडाशी नेला. आणि मग तिनं गळा काढला. एवढ्या वर्षांत आमच्या घरात कोणी तसं रडलं नव्हतं. गावात त्या रडण्याचा अर्थ एकच असतो, आणि तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी तिच्याजवळ बसले आणि मीही रडले.

आळीतल्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. ज्या मला कुंकू लावायच्या त्या आल्या, ज्या लावायच्या नाहीत त्याही आल्या. अंगण भरलं. कोण गेलं वं, कोण गेलं, असं एकमेकींना विचारू लागल्या. घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही समोर बसलेल्या.

‘माझा नवरा,’ मी म्हटलं.

‘कधी?’ कोणीतरी विचारलं.

‘आज,’ मी म्हटलं.